अपिलाची नोटीस आली की महिना मोजा

लांजा तालुक्यातल्या पक्षकारांना, आणि विशेषतः ज्यांनी दावा अर्धाच जिंकला आहे त्यांना, काही सांगायचे आहे.

दावा पूर्ण हरलेला माणूस जागा असतो. निकाल वाचला जातो त्याच दिवशी तो वकिलाला विचारतो, आता पुढे काय? पूर्ण जिंकलेल्याला काही मागायचे उरलेले नसते. खरे नुकसान होते ते अर्धे जिंकलेल्याचे. मागण्या तीन केलेल्या असतात, पदरात एक पडते. घरात चर्चा होते. 'एवढे मिळाले ते पुष्कळ, आता रत्नागिरीच्या फेऱ्या नकोत' असे ठरते. या विचारात चूक काही नाही. भांडण मिटावे असे वाटणारा माणूस शहाणाच असतो. पण समोरच्याला तसे वाटेलच याची खात्री नसते, आणि कायदा तुमच्या गप्प बसण्याचा अर्थ एकच लावतो: जे मिळाले नाही ते तुम्ही सोडून दिले.

समजा, भांबेडच्या बाजूला तुमची काजूची बाग आहे. शेजाऱ्याने गडगा सरकवून ती आत घेतली. तुम्ही लांजाच्या दिवाणी न्यायालयात दावा लावला. मागणी तीन गोष्टींची केली: बागेचा ताबा, बागेत जाण्याची वाट आणि मधल्या वर्षांच्या काजूच्या उत्पन्नाची भरपाई. न्यायालयाने ताबा दिला. वाट आणि भरपाई नाकारली. तुम्ही समाधान मानले. जिल्हा न्यायालयात अपील करायला ३० दिवस असतात, ते तुम्ही जाऊ दिले. दिनदर्शिकेवर महिना उलटल्यावर वाटले की आता सगळे संपले.

संपलेले नसते. निकालाची सही-शिक्क्याची नक्कल मिळायला जे दिवस लागतात ते मुदतीतून वगळले जातात. समोरच्याने नकलेचा अर्ज लगेच केला असेल, तर त्याचे अपील निकालानंतर दीड-दोन महिन्यांनी दाखल होऊनही मुदतीत असू शकते. शिवाय उशीर माफ करून घेण्याचा अर्ज त्यालाही करता येतो. मग एके दिवशी रत्नागिरीच्या जिल्हा न्यायालयाची नोटीस येते. समोरचा म्हणत असतो, ताबा दिला तोही चूक.

आता तुमची स्थिती पाहा. त्या अपिलात तुम्ही नुसते बचावाला उभे राहिलात तर जास्तीत जास्त काय मिळेल? जे हातात आहे तेवढेच. आणि कमीत कमी? काहीच नाही. समोरचा फक्त जिंकू शकतो आणि तुम्ही फक्त हरू शकता, अशा लढाईत तुम्ही उतरता. वाटही मिळायला हवी होती, उत्पन्नही मिळायला हवे होते, असे तुमचे वकील तोंडी कितीही सांगोत, न्यायाधीश पहिला प्रश्न हाच विचारतात की तुम्ही त्याविरुद्ध काही दाखल केले आहे का.

यासाठी दिवाणी प्रक्रिया संहितेत ४१व्या आदेशाचा २२वा नियम आहे. ज्याने स्वतः अपील केलेले नाही अशा पक्षकारालाही, समोरच्याचे अपील आले म्हणून, निकालातल्या आपल्या विरुद्ध गेलेल्या भागाबद्दल तक्रार मांडता येते. कोर्टात याला क्रॉस ऑब्जेक्शन म्हणतात, मराठी अर्जात उलट हरकत लिहितात. नाव हरकत असले तरी तिचे वजन अपिलाइतकेच असते. ती अपिलासारखीच मुद्देसूद लिहावी लागते, तिला कोर्ट फी लागते आणि तिच्यावर स्वतंत्र निर्णय द्यावा लागतो.

पुष्कळ जणांचा प्रश्न असतो: यासाठी कोर्टाची परवानगी घ्यावी लागते का? मुदतीत असाल तर लागत नाही. तो तुमचा हक्क आहे. अपिलाच्या सुनावणीच्या तारखेची नोटीस तुम्हाला किंवा तुमच्या वकिलाला बजावली गेली, की त्या दिवसापासून एक महिना. या महिन्यात उलट हरकत दाखल करा, कोणाची मर्जी लागत नाही. महिना उलटला की मात्र हक्काची गोष्ट विनंतीची होते. नियमातच लिहिले आहे की कोर्टाला योग्य वाटल्यास ते आणखी मुदत देऊ शकते. म्हणजे देईल किंवा देणार नाही.

वर 'तुमच्या वकिलाला' हे शब्द आहेत, ते नीट वाचा. लांजाच्या कोर्टात दाव्यासाठी तुम्ही वकीलपत्र दिले होते. दावा संपला, फी दिली, संबंध संपला असे तुम्हाला वाटते. कायद्याला तसे वाटत नाही. त्या दाव्याच्या निकालावरचे अपीलही वकीलपत्राच्या दृष्टीने त्याच कामाचा भाग धरले जाते. त्यामुळे नोटीस त्या वकिलांकडे गेली तरी महिना सुरू झाला असे म्हटले जाऊ शकते. निकालानंतर वकिलांशी बोलणे तोडू नका. पत्ता किंवा मोबाइल नंबर बदलला असेल तर त्यांना आणि कोर्टाला लेखी कळवा.

आपल्याकडे हा धोका जास्त आहे, कारण घरातला कर्ता माणूस बहुधा मुंबईला. दावा त्याच्या नावावर, पत्ता मात्र गावचा. बेलीफ साटवलीला किंवा प्रभानवल्लीला येतो, घरातले कोणी सही करून पाकीट घेते, ते देव्हाऱ्याशेजारी किंवा कपाटावर ठेवते आणि 'गणपतीला आला की देऊ' म्हणते. काही घरांना कुलूपच असते. तिथे दाराला नोटीस डकवली जाते आणि पावसात गळून जाते. एकत्र राहणाऱ्या घरातल्या प्रौढ माणसाने घेतलेली नोटीस कायद्याने बजावणी ठरते, डकवलेली नोटीसही न्यायालय ग्राह्य धरू शकते. मुंबईकर शिमग्याला येतो तेव्हा महिना केव्हाच सरलेला असतो. म्हणून गावी राहणाऱ्या वडीलधाऱ्यांना आणि घरातल्या बायकांना सांगून ठेवा: कोर्टाचा कागद आला की उघडायचा, फोटो काढायचा आणि त्याच दिवशी मुंबईला पाठवायचा. ई-कोर्ट्सचे अ‍ॅप मोबाइलवर घ्या. आपल्या दाव्याच्या १६ अक्षर-अंकी सीएनआर क्रमांकाने त्या केसच्या तारखा आणि निकाल दिसतात. अपिलाला मात्र वेगळा क्रमांक पडतो, म्हणून निकालानंतर काही महिने आपले नाव टाकून जिल्हा न्यायालयाच्या यादीतही शोध घेत जा.

महिना नेमका केव्हा सुरू होतो यावर सर्वोच्च न्यायालयापर्यंत भांडण गेले आहे. २०११ चे हे प्रकरण सीमेपलीकडच्या जमखंडीचे. अप्पर कृष्णा प्रकल्पासाठी तिथल्या शेतकऱ्यांच्या जमिनी गेल्या होत्या. भरपाई वाढवून मिळाली, सरकारने त्याविरुद्ध अपील केले आणि शेतकऱ्यांनी आणखी वाढीसाठी उलट हरकत दाखल केली, पण उशिराने. सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की रिस्पॉन्डंट, म्हणजे ज्याच्याविरुद्ध अपील आहे तो, वकिलामार्फत आधीच हजर असेल आणि त्याच्यासमोरच अपील दाखल करून घेऊन सुनावणी ठरली असेल, तर पुन्हा कागदी नोटीस येण्याची वाट पाहत बसता येत नाही. मुदत तिथूनच मोजली जाते. खोरनिनकोच्या बाजूला धरणासाठी जमिनी दिलेल्या माणसांना ही हकिगत परकी वाटू नये. यातून धडा साधा आहे. ही नोटीस फक्त स्थगितीच्या अर्जाची आहे की खऱ्या सुनावणीची, असली बारीक चर्चा वकिलांना करू द्या. तुम्ही अपिलाबद्दलचा पहिला कागद हातात आला त्या दिवसापासून महिना मोजा. लवकर दाखल केल्याने कोणाचे बिघडत नाही.

उशीर झालाच तर हरकतीसोबत मुदतवाढीचा, म्हणजे विलंब माफीचा, अर्ज लावा आणि त्यात खरे कारण लिहा. १९८७ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे की अशा अर्जांकडे उदारपणे पाहावे, उशिरामुळे न्यायाचे दार बंद होऊ नये. पण उदारपणा म्हणजे सरसकट माफी नव्हे. आजारपण असेल तर दवाखान्याचे कागद लावा. नोटीस दुसऱ्याच्या हातात पडली असेल तर ती कोणी घेतली, तुम्हाला केव्हा कळले आणि त्यानंतर तुम्ही कोणत्या तारखेला काय केले ते लिहा. कळल्यानंतर गेलेले दिवस सर्वांत महाग पडतात. नोटीस कळली नाही हे न्यायाधीश समजून घेतात. कळल्यावर तीन महिने स्वस्थ बसलात हे कोण समजून घेणार? शेवटच्या दिवशी कोर्टाला सुट्टी असेल, तर कोर्ट उघडेल त्या दिवशी दाखल केलेले चालते. पण मे महिन्याच्या किंवा दिवाळीच्या सुट्टीचा हिशेब आपल्या मनाने करू नका.

आता एक फरक, जो समजला नाही म्हणून माणसे विनाकारण घाबरतात किंवा विनाकारण निर्धास्त राहतात. मिळालेले टिकवणे वेगळे आणि वाढवून मागणे वेगळे. टिकवण्यासाठी उलट हरकत लागत नाही. निकाल सगळा तुमच्या बाजूने आहे, फक्त एका मुद्द्यावरचे मत विरुद्ध आहे, तर त्या मुद्द्यावर काहीही दाखल न करता बोलता येते. १९७६ च्या दुरुस्तीनंतर हवी तर हरकतही घालता येते. पण निकालातले काही बदलून हवे असेल, एक रुपया जरी वाढवून हवा असेल, तरी हरकत किंवा अपील दाखल केलेच पाहिजे.

मोटार अपघाताच्या भरपाईत हे अगदी डोळ्यांसमोर दिसते. मुंबई-गोवा महामार्ग लांजातून जातो, आणि या रस्त्याने किती घरांतली माणसे नेली आहेत ते आपण जाणतो. न्यायाधिकरण भरपाई देते, विमा कंपनी ती कमी करण्यासाठी उच्च न्यायालयात अपील करते. घरच्यांना वाटत असते की मुळात दिलेली रक्कमच अपुरी आहे. अशाच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सांगितले की वारसांनी अपील किंवा उलट हरकत केलेली नसेल, तर विमा कंपनीच्या अपिलात भरपाई वाढवून देता येणार नाही. मात्र आहे ती रक्कम वाचवण्यासाठी, हिशेबात मृताच्या पुढच्या उत्पन्नवाढीचा विचारच झाला नाही, असे ते दाखवू शकतात. म्हणजे कमी होणे थांबवता येते, वाढवता मात्र येत नाही. आईबाप, विधवा पत्नी आणि लहान मुले असलेल्या घराने हा महिना चुकवला, तर त्याची किंमत त्या मुलांच्या शिक्षणातून जाते. हे मी जोर देऊन सांगतो.

काही जण विचारतात, अपिलाच्या कोर्टाला कोणताही योग्य हुकूम करण्याचा अधिकार असतो ना? असतो, ४१व्या आदेशाच्या ३३व्या नियमाने. पण तो क्वचित, दुसरा मार्गच नसेल तेव्हा वापरायचा अधिकार आहे. २००३ च्या एका प्रकरणात जमीन विक्रीच्या करारावरून दावा होता. खालच्या कोर्टाने खरेदीदाराला मुख्यतः पैसे परत देण्याचा हुकूम केला. अपील विकणाऱ्याने केले. खरेदीदाराने अपीलही केले नाही आणि उलट हरकतही घातली नाही. तरी अपिलाच्या कोर्टाने त्याला जमीनच देऊ केली. सर्वोच्च न्यायालयाने हे चालू दिले नाही. गप्प बसलेल्याला जास्तीचे मिळत नाही, हा नियम कायम राहिला. त्या अधिकाराच्या भरवशावर राहणे म्हणजे स्वतःचा हक्क दुसऱ्याच्या दयेवर सोडणे आहे.

तरीही माझे प्रामाणिक मत असे की, नाकारलेली गोष्ट तुम्हाला खरोखर महत्त्वाची असेल, तर उलट हरकतीची वाट पाहू नका. ३० दिवसांत स्वतःचे अपील करा. उलट हरकत समोरच्याच्या अपिलावर उभी असते. त्याने अपील मागे घेतले किंवा गैरहजेरीमुळे ते निकाली निघाले, तरी तुमची हरकत चालू राहू शकते, एवढे संरक्षण नियमात आहे. पण त्याचे अपील मुदतबाह्य किंवा मुळातच न चालणारे ठरले, तर तुमची हरकतही त्याच्याबरोबर जाते. आणि त्याने अपीलच केले नाही, तर तुम्हाला हरकत घालायला जागाच उरत नाही.

वाटपाच्या दाव्यात याहून मोठा खड्डा आहे. आपल्याकडच्या सातबारावर दहा-बारा नावे असतात. अपील एक भाऊ करतो आणि बाकीचे सगळे रिस्पॉन्डंट होतात. तुमची तक्रार अपील करणाऱ्याबद्दल नसून दुसऱ्याच एका भावाला जास्त हिस्सा गेला याबद्दल असेल, तर उलट हरकत सहसा चालत नाही. ती मुख्यतः अपील करणाऱ्याविरुद्ध असते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९६३ सालीच सांगून ठेवले आहे. अपवाद आहेत, पण अपवादावर घर बांधू नका. अशा वेळी स्वतंत्र अपील. तसेच दाव्यात तुम्ही प्रतिदावा केला होता आणि तो फेटाळला गेला, तर त्याचेही स्वतंत्र अपील करा. दोन निकालांपैकी एकावर अपील झाले नाही तर तो कायम होतो आणि पुढे तोच तुमच्या आड येतो.

बहिणींबद्दल थांबून सांगायला हवे. वाटपाच्या दाव्यात बहिणीला पक्षकारच केले नाही, आणि निकालाने तिचा हिस्सा जातो, असे घडते. ती दाव्यात नसल्यामुळे तिला थेट अपील करता येत नाही. पण निकालाने तिचे नुकसान होते हे दाखवून अपील करण्याची परवानगी तिला मागता येते. इथे परवानगी पहिल्या दिवसापासून लागते. स्वतंत्र दाव्याचा मार्गही असतो; कोणता योग्य ते वकिलाने कागद पाहून ठरवायचे. भावाने सही मागितली म्हणून कोऱ्या कागदावर सही करून देऊ नका, एवढे मात्र प्रत्येक बहिणीने लक्षात ठेवावे.

सगळ्या प्रकरणांना हा २२वा नियम लागत नाही. तहसीलदार, प्रांत यांच्यापुढच्या महसुली प्रकरणांत उलट हरकतीवर विसंबू नका. तिथे जिल्हाधिकाऱ्यापेक्षा खालच्या अधिकाऱ्याच्या हुकमावर अपिलाची मुदत ६० दिवस असते, ती वापरा. महामार्गासाठी गेलेल्या जमिनीच्या भरपाईवर लवादाचा निवाडा झाला असेल, तर त्याला आव्हान देण्यासाठी तीन महिने आणि सबळ कारण असेल तर वर ३० दिवस. त्यानंतर एक दिवसही मिळत नाही. महामार्ग प्राधिकरण कोर्टात गेले की आपण मागून जाऊ, ही समजूत तिथे पैसे बुडवते.

जिल्हा न्यायालयाच्या निकालानंतरचे दुसरे अपील पूर्वी मुंबईला जायचे. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच सुरू झाले आहे आणि रत्नागिरी जिल्हा त्याच्या कक्षेत आहे. आंबा घाट चढून एका दिवसात जाऊन येता येते, ही मोठी सोय झाली. पण दुसऱ्या अपिलात कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न असावा लागतो. गडगा कुठे होता, साक्षीदार खरे बोलला की खोटे, हे तिथे सहसा उकरले जात नाही, आणि उलट हरकतीलाही तीच अट आहे. जे सांगायचे ते रत्नागिरीतच पूर्ण सांगा.

फौजदारी खटल्यांचे शास्त्र वेगळे. तिथे उलट हरकत नावाची सोय नाही. आरोपी सुटला, कमी गंभीर गुन्ह्यात शिक्षा झाली किंवा भरपाई अपुरी मिळाली, तर ज्याच्यावर अन्याय झाला त्याला स्वतः अपील करता येते आणि त्यासाठी परवानगी लागत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ठरवले. चेक न वटल्याच्या तक्रारीत आरोपी सुटला, तर तक्रारदारालाही हाच मार्ग २०२५ च्या निकालाने खुला झाला आहे. फक्त शिक्षा वाढवून मागण्याचा अधिकार सरकारचा आहे.

खर्चाची भीती असते, ती खरी आहे. उलट हरकतीला वादातल्या रकमेप्रमाणे कोर्ट फी लागते. स्त्रियांसाठी महाराष्ट्रात १९९४ च्या अधिसूचनेने काही प्रकारच्या दाव्यांत कोर्ट फी माफ आहे. आपल्या प्रकरणाला ती लागू होते का, हे विचारल्याशिवाय पैसे भरू नका. वकील परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे किंवा रत्नागिरीच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती आणि अपंग व्यक्तींना उत्पन्न कितीही असले तरी मोफत वकील मिळू शकतो, बाकीच्यांना उत्पन्नाच्या मर्यादेत. १५१०० हा फोन क्रमांक त्यासाठीच आहे. ही भीक नव्हे, १९८७ च्या कायद्याने दिलेला हक्क आहे.

ज्यांच्याकडे अशी नोटीस आलेली आहे त्यांनी आजच ती बाहेर काढावी, मिळाल्याची तारीख तिच्यावर लिहावी, खालच्या कोर्टाच्या निकालाची नक्कल सोबत घ्यावी आणि या आठवड्यात वकिलाला एकच प्रश्न विचारावा: मला जे नाकारले आहे त्यासाठी आपण काय दाखल करतो आहोत, आणि शेवटची तारीख कोणती?